माझ्या शेवटच्या पोशाखाची तजवीज

मी, डेल्फिना रामेल्ला, वय वर्षे त्र्याऐंशी, कै. इव्हाझिओ बोना यांची पत्नी, लोकरीच्या गिरणीतली निवृत्त रफूगार, राहणार बिएल्ला, नदीकडच्या गल्लीत दुसरा मजला, आज माझ्याच स्वयंपाकघरात बसून, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे हे सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा म्हणून नमूद करते की नोटरी क्रोवेल्ला साहेब दारातून आत आले तेव्हा त्यांचा डावा मोजा घसरून नडगी दिसत होती आणि ते मी चष्म्याशिवाय पाहिले. शरीराबद्दल डॉक्टर जे म्हणाले ते तितके चांगले नाही.

नोटरी म्हणाले, "बाई, मोज्याचं लिहायलाच हवं का?"

"शुद्धीत असल्याचा पुरावा तुम्हीच मागितलात. लिहा."

त्यांनी लिहिले, आणि टेबलाखाली हात घालून मोजा वर ओढला.

साक्षीदार दोन लागतात. एक हजर आहेत, उबाल्दो पेरोना, खालच्या कॉफीबारचे मालक. दुसरा म्हणजे नोटरींचा कारकून. तो आला नाही, त्याला थंडी वाजून ताप भरला आहे. एप्रिलमध्येच लोकरी बनियन काढून ठेवणाऱ्या माणसाचे दुसरे काय होणार. तेव्हा दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत कलमे सांगून घ्यावीत आणि मग दोघांसमोर सगळे पहिल्यापासून वाचावे, असे ठरले.

कलम पहिले. घर माझा एकुलता एक मुलगा कोराडो याला. कायद्याने त्याचा वाटा आहेच, त्यामुळे आईने मोठे मन दाखवले असे त्याने समजू नये. कोराडो तोरिनोला इंजिनिअर आहे. माणूस चांगला, बायकोला जपतो, मला दर रविवारी फोन करतो. पण कॉफी प्यायला निघतानासुद्धा तो हिमशिखर चढायला निघाल्यासारखे कपडे घालतो. जाकिटाला सात खिसे आणि एकातही इस्त्रीचा रुमाल नाही. तो माझ्या पोटी कसा आला हे मला कळलेले नाही, आणि इव्हाझिओलाही कळले नव्हते. घर घेताना एवढेच लक्षात ठेवावे की या घरातून कचऱ्याची पिशवी घेऊनसुद्धा आजवर कोणी सपाता घालून जिना उतरलेले नाही.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातले निम्मे कोराडोला, निम्मे माझी नात नोएमी हिला. नोएमीने त्यातून दहा झगे घेऊ नयेत. एक घ्यावा, आणि घेण्याआधी कापड मुठीत घट्ट आवळून सोडावे. सुरकुती आपणहून गेली तर विकणाऱ्याशी बोलावे. नाही गेली तर नमस्कार करून बाहेर पडावे. स्वस्तातले महागात पडते हे मी तिला तोंडाने सांगून दमले, आता कायद्याने सांगते.

कलम तिसरे. रफूचा चिमटा, सुया आणि भिंग ही सर्व हत्यारे आमच्या गिरणीत आता रफूला बसणाऱ्या मुलींना. मागावरून उतरलेले कापड उतरत्या टेबलावर खिडकीच्या उजेडात पसरायचे, डोळ्यांना दिसत नाही ती गाठ बोटांनी शोधायची आणि तुटलेला धागा असा भरायचा की नंतर आपल्यालाही जागा सापडू नये. हे काम मी लग्नाआधीपासून नातू-पणतू व्हायच्या वयापर्यंत केले. माझ्या शेजारच्या टेबलावर तेवढीच वर्षे इर्मा गाल्फिओने बसत असे.

कलम चौथे. माझा उंटाच्या लोकरीचा कोट वरील इर्मा गाल्फिओने हिला.

इथे नोटरींनी मान वर केली, कारण आम्ही दोघी बोलत नाही हे त्यांना ठाऊक आहे. अख्ख्या बिएल्लाला ठाऊक आहे. तेव्हा खुलासा करते.

हा कोट मुळात इव्हाझिओचा. वीस हिवाळ्यांत बाहेरून विटला, म्हणून इर्माने तो पूर्ण उसवला आणि आतली कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवला. कापड चांगले असले की ते दोनदा जगते. उलटवल्यावर पुरुषाची बटणे बरोबर बायकी बाजूला येतात, म्हणून तो माझ्या अंगावर आला. फक्त छातीवरचा खिसा उजवीकडे जातो आणि रविवारी हमरस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येकाला कळते की कोट उलटवलेला आहे. इर्माने तो खिसा असा बुजवला की मला आजही तो बोटांना लागत नाही. या गावात त्या कोटाची खरी किंमत कळणारी ती एकटीच उरली आहे. राग वेगळा आणि कोट वेगळा.

आता राग. इव्हाझिओ आजारपणात निम्मा झाला होता. त्याचा राखाडी फ्लॅनेलचा सूट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. तो गेला तेव्हा कोराडो तोरिनोहून येताना तयार सूट घेऊन आला. म्हणाला, "आई, मापाचा आहे. आणि पेटी बंद झाल्यावर बघतंय कोण?" मी दमले होते. बरे म्हटले.

इर्मा आली, रडली, तिने इव्हाझिओच्या कपाळाचे चुंबन घेतले, आणि मग तिचा अंगठा आणि बोट कॉलरवर गेले. त्यात काही नाही, आमच्याकडे कापड चाचपायला सगळ्यांचे हात जातात. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीवरही जातात. पण इर्माने बाहीच्या आतून एक धागा उपसला आणि उशाशी जळणाऱ्या मेणबत्तीवर धरला. लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख राहते. हा धागा वितळला आणि त्याची काळी गोळी झाली. भेटायला आलेली सगळी मंडळी वाकून बघत होती. इर्मा म्हणाली, "डेल्फिना, हे प्लास्टिक आहे. याला यात घाम येईल."

तेव्हापासून नऊ वर्षे मी तिच्याशी बोललेले नाही. ती वरच्याच मजल्यावर राहते. जिन्यात गाठ पडली की मी तिच्या बुटांकडे बघते आणि ती माझ्या. दोघींचेही बूट चकचकीत असतात, त्यामुळे बोलायला निमित्त मिळत नाही.

कलम पाचवे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. मला पुरताना माझा निळा ड्रेस घालावा. पातळ लोकर, आमच्याच गिरणीची, आज अंगावर आहे तोच. आत रेशमी शमीज, लांब मोजे, काळे बूट, टाचा नव्या लावून. बंद पेटीत बूट कोणाला दिसणार, असे जो म्हणेल तो कोराडो समजावा आणि त्याला खोलीबाहेर काढावे.

नोटरींनी पेन खाली ठेवले.

"बाई, एक अडचण आहे. मृत्युपत्र मी उघडणार तुमच्या पश्चात. मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन माझ्याकडे येईपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर तुम्हाला पुरून झालेलं असेल."

"कशात?"

"ते मी कसं सांगणार?"

ते मला सांगता येत होते. तोरिनोच्या दुकानातला तयार पोशाख, मापाचा, मागे चेन असलेला. मरणाची मला फारशी भीती वाटत नाही, त्या चेनची वाटते.

उबाल्दो म्हणाले, "मावशी, मग आजच सांगून ठेवा ना. तुम्हाला शेवटचे कपडे घालायला जी कोण येईल तिला."

"नीट घालील अशी एकच आहे. ती वर राहते."

"मग तिलाच साक्षीदार करा. साक्षीदाराला सगळं ऐकावंच लागतं, जागचं उठता येत नाही."

नोटरींनी डोके खाजवले. "नात्यातली नाही ना? मग चालेल. पण ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. कोट तरी द्या, नाहीतर इथे बसवा. दोन्ही जमणार नाही."

म्हणजे मेल्यावर कोट पाठवून मोकळे व्हायचे, की जिवंतपणी समोर बसवून तिचे बोलणे ऐकून घ्यायचे. पहिले फारच सोपे होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण मला त्या चेनमध्ये जायचे नव्हते. आणि खरे सांगायचे तर मला तिची आठवण येते. जिन्यावर तिची पावले वाजली की मी कढईखालचा गॅस बारीक करून ऐकत उभी राहते.

सबब कलम चौथे रद्द. कोट नोएमीला. उबाल्दोंना वर पाठवले.

इर्माला यायला पाऊण तास लागला. नोटरी घड्याळ बघू लागले. मी म्हटले, "घरच्या कपड्यात ती जिना उतरणार नाही. थांबा." ती आली ती राखाडी स्कर्ट, मोत्यांची माळ, ओठांना रंग, हातात पर्स. एका मजल्यासाठी पर्स.

"साक्षीदार हवाय म्हणे," ती उबाल्दोंकडे बघत म्हणाली. "दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं."

"नाही मिळालं," मी म्हटले.

ती बसली. नोटरींनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मोज्यापाशी ती हसली नाही, पण ओठ आवळले. इव्हाझिओच्या सुटापाशी तिने हात वर केला.

"घाम येईल असं मी म्हटलं नव्हतं. खाज सुटेल म्हटलं होतं."

"दुरुस्ती करू?" नोटरी म्हणाले.

"करू नका," मी म्हटले.

"करा," इर्मा म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि मी प्लास्टिकवर चिडले नव्हते, डेल्फिना. त्याचा फ्लॅनेलचा सूट मी एका दुपारी आत घेऊन दिला असता. त्याच्यासाठी आनंदाने केलं असतं. एक मजला वर तर होते. तू मला हाक मारली नाहीस."

हे लिहायचे का, असे नोटरींनी विचारले. आम्ही दोघी एकदम म्हणालो, लिहा.

मग पाचवे कलम वाचले गेले. इर्माने विचारले, "निळा म्हणजे हाच का?"

"हाच."

"उभी राहा बघू."

मी उभी राहिले. तिने पर्स बाजूला ठेवली, माझ्या मागे आली आणि कमरेपाशी कापड चिमटीत धरले. चिमटीत बरेच कापड आले.

"बटणं सरकवलीस."

"थोडी."

"दोनदा सरकवलीस. आधीच्या टाक्यांची भोकं दिसतायत." तिचा आवाज बदलला होता. उबाल्दो मला रोज सकाळी कॉफी देतात, त्यांना काही दिसले नव्हते. कोराडो ईस्टरला येऊन जेवून गेला, त्यालाही नाही. "डॉक्टर काय म्हणतात?"

"थंडीत कोट बाहेर काढायच्या दिवसांपर्यंत, म्हणतात. फार तर."

तिने चिमूट सोडली नाही. उबाल्दो खिडकीबाहेर बघू लागले. नोटरींचे पेन थांबले होते, मी त्यांना चालू ठेवायची खूण केली.

"हा असा मापात राहायचा नाही," इर्मा म्हणाली. "दर पंधरवड्याला वर येत जा. थोडा थोडा आत घेत राहू. म्हणजे ज्या दिवशी लागेल त्या दिवशी अंगाला बसलेला असेल."

"आणि उरलेलं कापड? कापून टाकशील?"

"वेडी आहेस का? कापायचं नाही. शिवणीत दुमडून ठेवते. अंगाने परत भरलीस तर सोडता आलं पाहिजे."

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमक्ष मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो माझाच आहे, मला मान्य आहे, आणि त्यात खाडाखोड आहे ती मी सांगितलेली आहे. साक्षीदार इर्मा गाल्फिओने हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, असे नोटरी नमूद करतात. मी ते तसेच राहू दिले आहे.

सही: डेल्फिना रामेल्ला

साक्षीदार:
१. उबाल्दो पेरोना, कॉफीबारचे मालक
२. इर्मा गाल्फिओने, निवृत्त रफूगार, राहणार वरचा मजला

समक्ष: नोटरी क्रोवेल्ला

स्थळ: बिएल्ला
दिनांक: १४ मे २०१९