मी न घेतलेल्या गाडीवरचा कर

दोहा, ९ जून २००६

प्रिय ॲड्रियनदादा,

तुम्हाला आणि वहिनींना सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल आणि मम्मींची साखर आटोक्यात असेल असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि ऑफिसात एसीपायी स्वेटर, त्यामुळे सरासरी चांगली पडते.

तुम्हाला ठाऊकच आहे, रेडिंगला माझी स्वतःची लिमिटेड कंपनी आहे. कंपनी म्हणजे संचालक मी, नोकर मी आणि सेक्रेटरी म्हणून तुमची बहीण ज्युडिथ, बिनपगारी. वेस्ट बेमधल्या एका टॉवरच्या पायाचं काम आठ महिन्यांसाठी मिळालं म्हणून मी इथे आलो, पण बिऱ्हाड तिकडे असल्यामुळे इंग्लंडचा आयकर काही सुटला नाही. इथे पगारावर कर कुणीच भरत नाही. मदिनत खलीफा भागातल्या आमच्या व्हिलात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे राजापूरचे रहमानभाई तर रोज संध्याकाळी, जुनं दुखणं विचारावं तसं विचारतात, 'अँथनीशेठ, टॅक्स अजून चालूच हाय काय? सुटेल, इन्शाल्ला.'

तर त्या देशात प्रत्येक पगारदाराला कर खातं एक टॅक्स कोड देतं, एक आकडा आणि एक अक्षर. त्यावरून मालकाला कळतं की नोकराच्या पगाराचा किती भाग कराशिवाय सोडायचा. आकडा मोठा तर कर कमी. माझा कोड ५०३ एल असायला हवा होता. ज्युडिथने इकडे येणाऱ्या एका इंजिनियरबरोबर माझं टपाल न फोडता पाठवलं, त्यात निघाला २३९ एल. कारण दिलं होतं, कंपनीची गाडी. दादा, मला गाडी चालवता येत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार (तुमच्या चर्चच्या मैदानावरचा गोलपोस्ट पुढे कुणी सरळ केला का?). कोड तपासून पाहा, चूक असेल तर कळवा, असं त्या कागदावरच छापलं होतं, आणि मी छापलेलं पाळणारा माणूस. शुक्रवारी इथे सुट्टी आणि तिकडे ऑफिस चालू, म्हणून मी थेट फोन लावला. पलीकडे एक अतिशय शांत बाई होत्या.

'गाडी नाही,' मी म्हणालो.

'तुमच्या कंपनीनेच कळवलंय, फेब्रुवारीपासून आहे.'

'पण कंपनी म्हणजे मीच.'

'मग तुम्ही तुमच्याकडेच चौकशी केलेली बरी,' त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी समजावलं की संचालकाच्या घरातलं कुणी कंपनीची गाडी वापरत असेल, तर ते सुख संचालकानेच भोगलं असं धरतात.

घरातलं कुणी म्हणजे कोण, हे मोजायला बोटं लागत नाहीत. सिमोना सात वर्षांची आहे. मी ज्युडिथला फोन लावला.

'आपल्याकडे गाडी आहे?'

'निळी,' ती म्हणाली. 'फेब्रुवारीत तुला विचारलं होतं. तू म्हणालास, हो हो, कर, मी ड्रॉइंग बघतोय.'

मला आठवेना. पण वाक्य माझंच वाटत होतं. तरी मी संचालकाच्या आवाजात म्हणालो, 'विकून टाक.' ती 'बरं' म्हणाली आणि फोन सिमोनाकडे दिला. पोरगी इंग्रजीत सांगू लागली. जानेवारीत शाळेत पडून तिचा पाय मोडला हे मला माहीत होतं. प्लास्टर निघाल्यावर व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला जावं लागतं, हेही मी ऐकून होतो. पण त्याला दोन बस बदलाव्या लागत, आणि पावसात ममी तिला कुबड्यांसकट उचलून एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर नेत असे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा मी ड्रॉइंग बघत असेन. आता पाच पावलं ती कुबडीशिवाय टाकते. ममी गाडीत मोठ्याने गाते, असंही ती म्हणाली.

मग मी रहमानभाईंना सगळं सांगितलं. 'म्हंजे गाडी बायको चालवते, टॅक्स तुम्ही भरता, न् कोड बरोबरच हाय?' मी हो म्हणालो. 'मग खलास,' म्हणून त्यांनी मला चहा दिला. साखर त्यांनीच ढवळली.

एकंदरीत मी हे सगळं शांतपणे घेतलं आहे. मम्मींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
अँथनी

ता.क. शांतपणे वगैरे ठीक आहे, पण 'विकून टाक' म्हटल्याला आठवडा झाला आणि ज्युडिथचा फोन नाही. ती शब्द पाळणारी आहे, ही भीती. तुम्ही मोठे भाऊ म्हणून तिला फोन करा आणि गाडी विकू नको असं आपलं मत म्हणून सांगा. माझं नाव नको.

आणखी एक ता.क. पाकीट बंद करता करता तिचा फोन आला, तेव्हा वरचं राहू द्या. गाडी दारात आहे आणि कधी विकायला काढलीच नव्हती. सेक्रेटरी या नात्याने तिने त्या फोनवरच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा लिहून ठेवलंय, ते वाचून दाखवलं. एकच ओळ आहे: 'संचालकांचं म्हणणं ऐकून घेतलं.'