डोळे उघडून द्या

५ जानेवारी

खोली मिळाली! देवळाली कॅम्पात, मंगलाबाईंच्या घराच्या मागच्या बाजूला. खिडकीशी पेरूचं झाड आहे आणि टेबल नेमकं तिथेच मावतं, म्हणजे डावीकडून छान उजेड येईल. लांबून तोफांचे आवाज येतात. मी दोनदा दचकले तेव्हा मंगलाबाई म्हणाल्या, अगं, पोरांचा सराव चाललाय, आठ दिवसांत तुला ते ऐकूच यायचे नाहीत. मग आल्याचा चहा दिला आणि लॅपटॉपवर काय करतेस ते विचारलं. मी त्यांचा फोटो काढला आणि त्यांना पोपटाएवढं करून पेरूच्या फांदीवर बसवलं. हसताना त्यांना पदर तोंडात धरावा लागला. लगेच भिशीच्या सगळ्या बायकांना पाठवला.

मोतीरामदादांच्या स्टुडिओचं काम उद्यापासून. घरी बसूनच करायचं आहे.

११ जानेवारी

काम सोपं आहे. बाळ कमळात, नवरा-बायको बर्फात, निवृत्त सुभेदार वाघावर. माणूस कडेने कापायचा, कडा जरा मऊ करायच्या, नव्या जागी ठेवायचा आणि शेवटी सावली द्यायची. सावली विसरली की बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे एवढं नक्की कळतं, काय ते मात्र कळत नाही.

एक गोष्ट माझ्याच्याने होत नाही. दादा म्हणतात, लागेल तो फोटो नेटवरून उचल. मी ज्याचा त्याला विचारते, आणि उत्तर येईपर्यंत काम अडतं. चौथीपर्यंत मला कुसाआत्यानेच सटाण्याला घरी शिकवलं, आणि पाढ्यांच्याही आधी दोन गोष्टी शिकवल्या. विचारल्याशिवाय कुणाचं घ्यायचं नाही. दिलेलं परत मागायचं नाही. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, बाई, तू चुकून या धंद्यात आलीस, तू तलाठी व्हायचं होतंस.

१८ जानेवारी

आज वेगळंच काम आलं. निफाडजवळच्या एका वस्तीवरचे सहादूबाबा संक्रांतीला गेले. जन्मात त्यांनी धड फोटो काढून घेतला नाही. आधार कार्डावर आहे तो शाईच्या डागासारखा. म्हणून पुतण्याने त्याच दिवशी अंगणात मोबाइलवर काढला. हनुवटीला फडकं बांधलेलं, नाकात कापूस, डोळे मिटलेले. पुतण्याचं म्हणणं, कापूस काढा, टोपी घाला आणि डोळे उघडून द्या. तेराव्याला भिंतीवर लावायचाय.

दादा म्हणाले, असे फोटो नेहमी येतात. त्यांच्याकडे त्यासाठी डोळ्यांचं फोल्डरच आहे, गिऱ्हाइकांच्या फोटोंतून कापलेलं. कोणतेही लाव, म्हणाले, मेलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही.

१९ जानेवारी

फोल्डर उघडलं. ओळीने नुसते डोळे, चेहरे नाहीत. यांतल्या कुणाला विचारलं असेल? मला एकही जोडी उचलता येईना.

मग सुचलं, माझे आहेतच की. काजळ पुसून खिडकीशी बसले आणि स्वतःचा फोटो काढला. डोळे कापून बसवले, भोवती सुरकुत्या ओढल्या, बुबुळांना म्हाताऱ्यांची असते तशी राखाडी कड दिली. छान बसले. बाबा माझ्याकडे बघत होते. कुणाचं काही न विचारता घेतलं नाही याचं इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हणाले, घ्या बाबा, दिले.

२२ जानेवारी

फ्रेम न्यायला स्टुडिओत पुतण्याबरोबर बाबांच्या बायको, सखुबाई, स्वतः आल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी फ्रेमकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, बगत्यात की माझ्याकडं. जित्तेपणी कधी येवढं नीट बगितलं नाय. जाताना माझी हनुवटी धरून म्हणाल्या, पोरी, लय उपकार झाले.

२७ जानेवारी

काल तेरावा झाला. आज दुपारी जरा आडवी झाले. डोळे मिटले तर अंधार झाला नाही.

हिरव्या रंगाची खोली दिसली, वरून, माळ्यावर बसून बघावं तशी. कोपऱ्यात कांद्याच्या गोण्या. विणलेल्या रुमालाखाली टीव्ही. खालच्या कडेला नारिंगी धूसर काहीतरी होतं. एक म्हातारी बाई वाटाणे सोलत होती. डोळे उघडले, पेरूचं झाड. मिटले, पुन्हा वाटाणे.

३० जानेवारी

स्वप्न नाही. त्या सखुबाईच आहेत. नारिंगी ते झेंडूच्या हाराचं होतं. आता सुकून तपकिरी झालंय. फ्रेमखाली लाल दिवा लावलाय, तो विझवत नाहीत. ऐकू काही येत नाही. धार काढून आल्या की त्या माझ्यासमोर बसतात आणि त्यांचे ओठ हलत राहतात. मला कुठे वळून बघता येत नाही.

झोप म्हणजे नुसतं दिसणं थांबणं असतं, हे मला माहीतच नव्हतं.

३ फेब्रुवारी

फाइल पुसून टाकली. काही फरक नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कोरडे पडलेत, मिटून शांत पडून राहा. मला हसू आलं, मग थांबेना.

सगळं अंग आंबलंय. काल एका बाळाला कमळात बसवलं आणि सावली द्यायची विसरले.

मागितले तर परत मिळतील का? पण मी दिले म्हणाले होते. मोठ्याने म्हणाले होते.

७ फेब्रुवारी

दादांनी स्वतःचे डोळे दिले. वैतागून, पण दिले. ते लावून मी नवी फ्रेम केली आणि निफाडला घेऊन गेले. सखुबाईंनी ती दारातच बघितली. म्हणाल्या, ह्यो कोण? ह्याला मी वळखत नाय.

मग मी सगळं सांगितलं. त्या चकित झाल्या नाहीत. फोटो दिवसा डोळे मिटून घेतो, हे त्यांना ठाऊक होतं. रातचं उघडत्यात, म्हणाल्या, माझ्यावर ध्यान ठेवत्यात. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, तूच दिलंस ना पोरी? मग मी कोण परत देनारी? त्यांनाच इचार.

मी फ्रेमसमोर उभी राहिले आणि विचारायला डोळे मिटले. वरून मला मी दिसले. खाली उभी, माझाच निळा ड्रेस. पण तिचे डोळे मिटलेले नव्हते. मान वळवून ती सखुबाईंकडे बघत होती.

आणि सखुबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

९ फेब्रुवारी

मंगलाबाई मला चिडवत होत्या. काल दुपारी म्हणे मी पेरूखाली उकिडवी बसले होते. त्यांच्याकडे तंबाखू मागितली. लासलगावला कांदा काय भावाने गेला, ते विचारलं. त्या म्हणाल्या, नक्कल झकास करतेस गं, आवाज कुठून काढलास?

काल दुपारी मी टेबलावर डोकं टेकलं होतं. जरासं.

१० फेब्रुवारी

मी मिटले की तिकडचे उघडतात. आणि इकडचे — बाबा वापरतात. मिटायचे नाहीत.

११ फेब्रुवारी

पाणी मारते. उभी राहते. पापणी लवली तरी हिरवी भिंत. सखुबाई घर सारवतायत. नवं लुगडं. कुणीतरी यायचं असल्यासारखं —

१२

बसमध्ये चढल्याचं आठवत नाही. वही पिशवीत होती. समोर बशीत चहा ओतलेला. सखुबाई मला म्हणाल्या, आलात व्हय. मला — आलात —

आत्या, मी मागणार आहे. दिलेलं परत मागणार आहे. बाबा, माझे डोळे मला —

फोटोतले मिटलेत. माझे उघडे आहेत तोवरच. नुसते उघडे ठेवायचे. एवढंच.

सखुबाईंनी वाकळ अंथरली. उशी दिली. म्हणतायत, दमलात, पडा वाईच. वाकळेला उन्हाचा वास आहे. किती दिवसांत मी —

एकदाच. क्षणभर. मिट