चेहरा न बदलण्याच्या हमीपत्राबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
दुर्मीळ आजार उपचार मंजुरी समिती,
मुख्य रुग्णालय, खोली क्र. १४

विषय : पत्नीच्या मेंदूतील गाठीवरील किरणोपचारास, तिसरा मास्क निकामी होण्याआधी मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘रुग्णाचा चेहरा वारंवार का बदलतो, याचा खुलासा करावा.’

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी असून माझी पत्नी माझ्याच दुकानात काजं-बटणं करते. करत होती. तिच्या मेंदूत लाखात एखाद्यालाच होणारी गाठ आहे. ती कापून काढण्याजोग्या जागी नसल्याने किरण हाच उपाय, असे डॉक्टरबाईंचे मत आहे. किरण देताना डोके तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क करून तो टेबलाला पक्का बसवतात.

१. पहिला मास्क झाला, त्यावरून किरणांचा आराखडा झाला, फाइल आपल्याकडे आली. समिती महिन्यातून एकदाच बसते. मंजुरीला सात आठवडे लागले. तोवर मेंदूची सूज उतरवण्याच्या गोळ्यांनी तिचा चेहरा भोपळ्यासारखा फुगला व मास्क बसेना.

२. दुसरा मास्क केला. मास्क नवा म्हणून आराखडा नवा, आराखडा नवा म्हणून मंजुरीही नवी. आणखी सहा आठवडे. दरम्यान गोळ्या कमी झाल्या, चेहरा उतरला, आणि मास्कच्या आत तिला मान हलवून ‘नाही’ म्हणता येऊ लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने असतात हे ऐकून होतो. हिचे नाक तर शाबूत आहे.

३. आपले लिपिक म्हणाले, ‘बाई त्याच, तोंड तेच, मग मास्क का बसत नाही?’ साहेब, तीस वर्षे मापे घेतो आहे. आज माप घेऊन दोन महिन्यांनी कपडा दिला, तर गिऱ्हाईक तो तोंडावर फेकते आणि बरोबरच करते. त्यात चूक गिऱ्हाइकाच्या अंगाची नसते हो! आपण मागितलेला खुलासा हाच समजावा.

४. आता समितीला हमीपत्र हवे आहे की, मंजुरी येईपर्यंत रुग्णाचा चेहरा बदलणार नाही. मी ते तिला वाचून दाखवले. ती हसली. म्हणाली, ‘द्या लिहून. माझं तोंड मी सांभाळते, पण त्या गाठीला कोण सांगणार?’ मला हसू आले नाही. संताप आला, तो इथे नोंदवतो.

तिसरा मास्क परवा झाला आणि आज तो चपखल बसतो. तरी महिनाअखेरच्या बैठकीची वाट न पाहता याच आठवड्यात मंजुरी द्यावी, ही हात जोडून विनंती. तिन्ही सदस्यांच्या दारी फाइल घेऊन जायला मी तयार आहे. दुकान तसेही बंदच आहे.

आपला नम्र, व दोनदा मंजूर झालेला,
अर्जदार (रुग्णाचा नवरा)
दिनांक : तिसऱ्या मास्कचा तिसरा दिवस

सोबत :
१. डॉक्टरबाईंचे पत्र.
२. हमीपत्र. त्यावर सहीऐवजी अंगठा आहे. पहिल्या मास्कच्या अर्जावर तिची पूर्ण सही आहे, दुसऱ्याच्या अर्जावर अर्धी. दोन्ही आपल्याच फायलीत आहेत, ताडून पाहावे. चेहऱ्याची हमी तिने दिली आहे. हाताची देता आली नाही.