दोनदा विकलेली डॉज

मी, लिओना झिग्मुंट कुबियाक, माहेरची पावलाक, वय वर्षे ऐंशी, पूर्वीचा धंदा मोटारीच्या कारखान्यात गाद्या शिवणे, राहणार हॅमट्रॅमक, राज्य मिशिगन, आज सकाळी शुद्धीवर असून हे मृत्युपत्र करून ठेवते. ‘आज सकाळी’ हे शब्द वकीलबाई मिस प्राइस यांना नको होते. नुसते ‘पूर्ण शुद्धीवर’ लिहा म्हणाल्या. पण मला विसरण्याचा आजार जडला आहे आणि खोटे लिहून सुरुवात करायची माझी इच्छा नाही. आजार पहिल्या पायरीवर आहे आणि आपण कशावर सही करतो हे मला समजते, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घाई आहे ती माझी मलाच.

यापूर्वी मी एखादे मृत्युपत्र केले असल्यास ते रद्द समजावे. केले होते की नाही, हे आता मला आठवत नाही.

१) माझी वारस एकच. माझी मुलगी लुडमिला, जिला सगळे लुडका म्हणतात, वय एक्कावन्न. ती जन्मली तेव्हा तिचे डोळे आणि तळहात बघून डॉक्टर म्हणाले की हिची वाढ लहान मुलाच्या पुढे जायची नाही, संस्थेत ठेवून द्या. झिग्मुंटने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टोपी डोक्यावर ठेवली आणि तो म्हणाला, “गाडी खाली उभी आहे. चल.” आम्ही तिला घरी आणले. लुडका भांडी घासते, कपड्यांच्या घड्या घालते, चर्चमध्ये सगळ्यांची नावे घेऊन विचारपूस करते. तिला पैशांचा हिशेब आणि घड्याळ कळत नाही. रस्ता एकटीने ओलांडता येत नाही. गेल्या महिन्यापर्यंत ती एक रात्रही माझ्याशिवाय राहिली नव्हती.

२) घर. हे माझ्या एकटीच्या नावावर आहे. आमच्या भागात आता घराला भाव राहिलेला नाही, तरी जे येईल ते लुडकाच्या नावे ठेवावे. शेजारच्या रेहाना बेगम यांच्या दिराला घर हवे असल्यास आधी त्याला विचारावे. त्याने कुंपणावरून माझ्या ट्यूलिपवर दोनदा चेंडू मारला होता, पण दोन्ही वेळा माफी मागायला आला.

३) गाडी. झिग्मुंटने १९५६ सालची डॉज नवी कोरी घेतली होती, वर हस्तिदंती आणि खाली फिरोजी रंगाची. तिची वाटणी या मृत्युपत्रात नाही, कारण ती आता माझी नाही. ती कशी गेली हे इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे कोणी लुडकाला दोष देणार नाही.

ज्या वर्षी ती गाडी बनली त्या वर्षी मी आमच्या गावातल्या डॉजच्या कारखान्यात गाद्यांच्या विभागात होते. मागच्या गादीवरची शिवण माझ्या हातची आहे असे मी आयुष्यभर सांगत आले. आमच्या ओळीत बारा बायका होत्या, त्यामुळे सिद्ध काही करता येत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खालून खाऊन टाकते. झिग्मुंटने पहिल्या बर्फापासून रस्ते पावसाने धुऊन निघेपर्यंत गाडी कधी बाहेर काढली नाही. तो गेल्यावर मीही काढली नाही. छपन्न सालची गाडी, पण खाली वाकून बघितले तरी गंजाचा ठिपका सापडायचा नाही.

मागच्या पानगळीत डॉक्टरांनी मला आजाराचे नाव सांगितले. त्या दिवशी मी घरी येऊन ओव्हरकोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिले. लुडका सूप पीत होती. माझ्यानंतर हिला सूप कोण वाढणार, एवढेच डोक्यात फिरत होते. उत्तरेकडे चर्चच्या जोगिणींनी चालवलेले एक घर आहे, तिथे लुडकासारख्या मोठ्या माणसांना जन्मभर सांभाळतात. जागा एकच शिल्लक होती आणि आधी मोठी रक्कम भरायची होती. माझ्याजवळ विकण्यासारखी एकच वस्तू होती.

श्री. वॉरन ऑस्टिंग गाडी बघायला कलामाझूहून आले. शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या गादीवर नुसता हात ठेवला. मग आमच्याकडे पिएरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ले. लुडकाने त्यांना तीनदा वाढले.

मी कशासाठी विकते आहे हे कळल्यावर त्यांनी घासाघीस केली नाही. पूर्ण पैसे तिथेच दिले. म्हणाले, “मिसेस कुबियाक, आता बर्फ पडेल. या मिठातून मी तिला नेणार नाही. एप्रिलमध्ये रस्ते धुऊन निघाले की येतो. मालकीच्या कागदावर सही तेव्हाच करा.”

मी पैसे जोगिणींकडे भरले. लुडकाची जागा पक्की झाली.

आणि मग मी हे सगळे विसरले. पैसे भरल्याचे आठवत होते. ते कुठून आले, ते डोक्यातून गेले. गॅरेजमध्ये गाडी तर उभीच होती.

फेब्रुवारीत, ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ लागायच्या आधीच्या मंगळवारी, जेव्हा आमच्या गावात घरोघर पोंचकी, म्हणजे मुरंबा भरलेले गोड वडे, तळतात, तेव्हा क्लिफर्ड रॅस्को नावाचा जुन्या गाड्यांचा दलाल दारात आला. गाडी विकायची आहे असे त्याने कुठूनतरी ऐकले होते. मला वाटले, देवच पावला, लुडकाच्या पुढच्या खर्चाची सोय झाली. मी पोंचकीची बशी पुढे केली. त्याने सांगितलेला भाव कमी होता, पण गाडी आजच उचलतो म्हणाला. मी गाडीचा कागद आणून सही केली.

लुडका दारात उभी होती. म्हणाली, “आई, गाडी वॉरन काकांची आहे.”

मी म्हटले, “गप, लुडका. कोण वॉरन?”

“पिएरोगी खाल्ले ते. आई, रस्त्यावर मीठ आहे. काका म्हणाले, मीठ जाऊ दे मग नेतो.”

रॅस्को हसला. “हिचं काय चाललंय, आजी?”

आणि मी त्याला म्हणाले, “हिचा गोंधळ होतो. लक्ष देऊ नका.”

ती जीव तोडून ओरडत होती आणि मी तिचा दंड धरून तिला आत नेले. उघड्या ट्रकवर चढवून त्याने गाडी नेली. रस्त्यावरचे खारट पाणी चाकांवर उडत होते. ते बघून मला रडू आले. का आले ते कळले नाही.

एप्रिलमध्ये श्री. ऑस्टिंग बंदिस्त ट्रक भाड्याने घेऊन आले. मी दार उघडले आणि विचारले, “कोण हवंय आपल्याला?” ते हसले, त्यांना मी थट्टा करते आहे असे वाटले. मग त्यांचे हसू हळूहळू उतरले. लुडका माझ्या काखेखालून पुढे घुसली आणि त्यांच्या गळ्यात पडली. “वॉरन काका, मी सांगितलं होतं. मी आईला सांगितलं होतं!”

आम्ही रिकाम्या गॅरेजमध्ये उभे राहिलो. लुडका एकेक गोष्ट सांगत गेली, ते मान डोलवत गेले. मी परक्यासारखी ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “मी तिच्यासाठी घराला लागून गॅरेज बांधलंय.” एवढेच. शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

४) रॅस्कोला फोन केला. तो म्हणाला, “कागदावर सही तुमचीच ना, आजी? मग झालं. गाडी केव्हाच पुढे गेली.”

मिस प्राइस म्हणाल्या, दावा लावता येईल. सही केली तेव्हा तुम्ही शुद्धीवर नव्हता हे सिद्ध केले तर तो व्यवहार रद्द होईल, कदाचित गाडीही परत मिळेल.

मी म्हटले, “मग लावा!”

त्यांनी चष्मा काढला. “मिसेस कुबियाक, फेब्रुवारीत तुमची शुद्ध नव्हती असं कोर्टानं लिहून दिलं, तर जूनमध्ये होती हे कोण मानेल? तुमचं मृत्युपत्र टिकणार नाही. लुडकाला कोणाकडे ठेवायचं हे तुम्ही ठरवू शकणार नाही. ते सरकार ठरवेल. उद्यापासूनच ठरवेल.”

गाडी हवी तर वेडी व्हायचे, आणि वेडी झाले तर पोर जाणार. मी त्यांच्या टेबलाची कड धरून बसले. मग म्हटले, “शुद्धीवर होते. त्या दिवशीही होते असंच लिहा.”

सबब मी इथे जाहीर करते की रॅस्कोशी झालेला व्यवहार मी दावा न लावता सोडून देत आहे. त्याला माझ्याकडून काही नाही. माझ्या अंत्यसंस्काराला तो आल्यास त्याला कॉफीही देऊ नये.

५) श्री. ऑस्टिंग यांचे पैसे रॅस्कोच्या रकमेतून फिटण्यासारखे नव्हते, म्हणून मी जोगिणींकडे भरलेले परत घेऊन ते पूर्ण फेडले. ते नको म्हणत होते, “सावकाश द्या.” माझ्याजवळ सावकाश काही उरलेले नाही. लुडकाची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. गाडीची जास्तीची चाकझाकणे, झिग्मुंटची पान्यांची पेटी आणि गॅरेजमधल्या फळीवर जे काही असेल ते श्री. ऑस्टिंग यांना द्यावे. त्या वस्तूंचा त्यांना उपयोग नाही, मला ठाऊक आहे.

६) रॅस्कोने दिलेली रक्कम आणि बँकेतली शिल्लक लुडकाच्या खर्चासाठी. शिवणयंत्र, वाकड्या सुया आणि कातडे कापायची कात्री रेहाना बेगमला. ती मला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणते आणि हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ तिने काढला.

७) लुडकाची पालक म्हणून मी माझी नणंद फ्लोरेन्स कुबियाक हिला नेमते. हे वाचून आमच्या चर्चमधले लोक उडतील. झिग्मुंटच्या अंत्यसंस्कारानंतर जेवणाच्या पंगतीत फ्लोरेन्स सगळ्यांदेखत म्हणाली होती, “गाडी माझ्या भावाची. तू नुसती पुसलीस.” मी तिच्या ताटाशेजारची माझी खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाशी नेली. तेव्हापासून ती रस्त्याच्या एका बाजूने चालते आणि मी दुसऱ्या.

मे महिन्यात मी लुडकाला घेऊन तिच्या दारात गेले. तिने साखळी न काढता दार फटीएवढे उघडले.

“गाडीला हात लावू दिला नाहीस मला,” ती म्हणाली. “आणि आता पोरगी घेऊन आलीस?”

“हो.”

“गाडी गेली म्हणून आलीस.”

“हो. असती तर आले नसते.”

“निदान खोटं तरी बोल, लिओना.”

“खोटं लक्षात ठेवावं लागतं. माझ्याच्यानं होत नाही आता.”

माझ्या मागून लुडका म्हणाली, “आत्या, मला शू लागली.”

साखळी निघाली.

लुडका आत गेल्यावर मी फ्लोरेन्सच्या पायपुसण्यावर उभी राहून तिला सगळे सांगितले. हात जोडायचेही बाकी ठेवले नाहीत. ती म्हणाली, “नेईन. पण तुझ्या मरणाची वाट बघत बसणार नाही. परवा तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येत होता म्हणून रेहानानं दार ठोठावलं, माझ्या कानावर आलंय. रविवारपासून लुडका इथे राहील.”

“या रविवारपासून?”

“तुला आठवतंय की तू तिची आई आहेस, तोवरच सोड. मागाहून सोडशील तर तिला वाटेल, टाकली.”

मी भांडले. मग घरी येऊन लुडकाची पेटी भरली. रविवारी प्रार्थनेनंतर ती आत्याचा हात धरून पलीकडच्या बाजूने गेली आणि कोपऱ्यापर्यंत मागे वळून मला हात करत राहिली. घरात आता कोणी घड्या घालत नाही.

फ्लोरेन्सला या कामाबद्दल मोबदला घ्यायचा हक्क आहे. ती घेणार नाही, आणि ते मला आयुष्यभर ऐकवेल. त्यास माझी हरकत नाही.

८) लुडकाने काही सांगितले आणि माझे म्हणणे त्याहून वेगळे पडले, तर लुडकाचे खरे मानावे. मिस प्राइस म्हणतात या कलमाला कायद्यात किंमत नाही. तरी ठेवावे.

९) ज्या दिवशी मी लुडकाला ओळखणार नाही, त्या दिवसानंतर

येथील पुढचा मजकूर खोडला आहे. तिला त्यानंतर माझ्यासमोर आणू नये, असे मी लिहायला सांगितले होते. मिस प्राइस यांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा लुडका फ्लोरेन्सबरोबर कोपऱ्यात बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली.

“आई, तू मला विसरणार?”

“बहुतेक हो, राणी.”

तिने बराच विचार केला. “मग मी येऊन नाव सांगेन.”

“मी परत विसरेन.”

“मग परत सांगेन.” आणि ती मिस प्राइस यांच्याकडे वळून म्हणाली, “ते खोडा.”

मिस प्राइस माझ्याकडे बघू लागल्या. मृत्युपत्र माझे आहे आणि मर्जी माझीच चालते. मी म्हटले, “खोडा.”

वरीलप्रमाणे लिहिलेले सर्व मी वाचून आणि ऐकून घेऊन, समजून, राजीखुशीने सही करते. कलम नऊमधली खाडाखोड माझ्या संमतीने झाली असून तिच्या शेजारी माझी लहान सही आहे.

ठिकाण : हॅमट्रॅमक, मिशिगन
बुधवार, दिनांक ६ जून २०१२

(सही) लिओना कुबियाक

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली :
१. (सही) मिस प्राइस, वकील
२. (सही) बर्नार्ड शुल्त्स, चर्चचे कारकून

लुडमिला कुबियाक ही वारस असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, हे तिला समजावून सांगितले. तिला ते पटले नाही. तिचे नाव तिच्याच हातचे, खाली :

लुडका