मालकाचा पत्ता

३ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तू मजेत असशील, जावईबापूंचा खोकला गेला असेल असं धरून चालतो आणि सरळ मुद्द्यावर येतो, कारण पोटात मावत नाहीये. अगं, तुझा बाबा वेबसाइटवाला झाला! हसू नकोस. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येमध्ये प्रश्न विचारून माझी गाडी घसरवली असतीस, म्हणून पत्र.

मी खेळ बनवतोय हे तुला माहीत आहेच. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, तर खेळही लिफ्टचाच. पटावर उंच इमारत, दोन खेळाडू आणि लिफ्ट एकच. आपापले प्रवासी त्यांच्या त्यांच्या मजल्यावर पोचवायचे. वजन जास्त झालं की घंटा, आणि शेवटी आत शिरला तो बाहेर! नियम माझे. चित्रं वरच्या मजल्यावरच्या भूगोलबाईंची. त्याच गं, शाळेतून निवृत्त झालेल्या. खेळायच्या पत्त्यांवर त्यांनी प्रवासी असे काढलेत की नुसते बघूनच हसू फुटतं. फ्रीज घेऊन आलेला एक गृहस्थ आहे, त्याला हुबेहूब माझ्या मिशा. विचारलं तर म्हणाल्या, योगायोग.

वाचनालयात आम्ही तो लोकांना खेळायला दिला, तर मंडळी जागची उठेनात. नाव ठेवलं होतं 'कितवा मजला'. मी आनंदाच्या भरात कोपऱ्यावरच्या खेळणीवाल्याला नाव, पट, सगळं दाखवून आलो. दुसऱ्या दिवशी बाई त्या नावाचा नेटवरचा पत्ता, म्हणजे डोमेन, घ्यायला बसल्या, तर तो गेलेला! आदल्या संध्याकाळीच कोणीतरी घेतला. कोणीतरी कसलं, खेळणीवाल्यानेच. वर मलाच म्हणतो, "काका, नाव हवंय ना? बसून बोलू की."

माझं डोकंच फिरलं. बाई मला ओढतच वकिलाकडे घेऊन गेल्या. वकील म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "काका, नुसती कल्पना कोणाच्या नावावर होत नाही. लिफ्टचा खेळ उद्या कोणीही काढेल. पण तुम्ही लिहिलेले नियम शब्दन्‌शब्द तुमचे, बाईंची चित्रं बाईंची. त्यांची नोंदणी करू, नावाचा ट्रेडमार्क घेऊ. डोमेनसाठी भांडता येईल, पण वेळ जाईल."

"भांडायचंच," मी म्हणालो.

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "नाव बदलू. लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं की लोक काय ओरडतात?"

मी आणि वकील एकदमच ओरडलो, "थांबा, मी पण!"

टिल्लू, जुन्या नावापेक्षा हे शंभर पट झकास आहे की नाही, तूच सांग! वकिलाने तिथेच शोधून पाहिलं, हे नाव अजून कोणी घेतलेलं नव्हतं. मला मात्र दम भरला, आधी नोंदणी, मग बडबड.

घरी आलो. आपल्याकडेच, बाईंचा लॅपटॉप हल्ली आपल्याच टेबलावर असतो. टेबल मी खिडकीशी सरकवलंय, उजेड चांगला येतो. पडदेही नवे लावलेत. तू आलीस की बघशीलच.

तर बाईंनी नाव टाकलं. हिरवी खूण आली, मिळतंय! मी खुर्चीवरून उठलोच. पुढे रकाने. मालकाचं नाव, फोन, पत्ता. बाई त्यांचा पत्ता टाकायला लागल्या. मी म्हणालो, "माझा टाका."

"का? वेबसाइट तर मी सांभाळणार आहे."

"मग तुम्ही इथेच या ना राहायला."

अगं, तोंडातून निघूनच गेलं. म्हणजे मनात होतंच, बरेच दिवस होतं... बाईंनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"हे फॉर्मसाठी विचारताय की मला?"

"दोन्हीसाठी," मी म्हणालो. "रीतसर. नोंदणी करून."

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, आणि तेवढ्यात स्क्रीनवर आलं: वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. आम्ही इतके हसलो की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळे रकाने परत भरले, पत्ता आपला टाकला आणि शेवटचं बटण मला दाबायला लावलं. डोमेन आपलं झालं, टिल्लू! नियम, चित्रं, अर्ज, सगळं वकिलाकडे पोचलंय. खेळणीवाला परवा म्हणत होता, "काका, कधी बोलायचं?" मी म्हटलं, "राहू दे तुमच्याकडेच, लखलाभ."

आता एकच काम राहिलंय. बाई म्हणाल्या, "लेकीला कळवा. तिचं उत्तर येईपर्यंत माझी उशीसुद्धा खाली येणार नाही." म्हणून कळवतोय. रागावलीस तर रागावून लिही, पण लिही.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बाबा

१२ मार्च

प्रिय बाबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा आईला शोधत. एवढ्या लांबलचक पत्रात ती एकदाही नाही. तिला जाऊन सात वर्षं झाली आणि तू माझ्यासमोर तिचं नाव काढायला घाबरलास, हो ना? मला वाईट वाटलं ते त्याचं. बाईंचं नाही. तुझ्या आवाजात एवढा जोर मी कितीतरी वर्षांनी ऐकला, तोही कागदावर.

आईने निवडलेले जुने पडदे टाकू नकोस, मला हवेत. आणि बाईंना आई म्हणणं मला जमणार नाही, तेवढं त्यांना आधीच सांगून ठेव. काय म्हणायचं ते आम्ही दोघी बसून ठरवू.

त्यांची उशी खाली येऊ दे. मी येत्या रविवारी पोचतेय. लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी.

तुम्हा दोघांची,
टिल्लू