शेळीच्या पोटातली सत्कृत्ये

पिंपरी, ता. ३ डिसेंबर १९५६

ती. कुसुमताईस,
दौलतचा सप्रेम सलाम. वि. वि.

काल नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. तू सुचवल्याप्रमाणे रिकामा पाळणा ओटीवर मांडला आणि मुलांना सांगितले, की नाताळपर्यंत एका सत्कृत्याला गवताची एक काडी. प्रभू येईल तेव्हा बिछाना मऊ हवा. रूथ आठ वर्षांची, तिला समजले. पाच वर्षांच्या शमूची मात्र समजूत झाली, की पाळणा भरला म्हणजे सुमन तुझ्याकडून बाळ घेऊन परत येणार. मी निम्मीच दुरुस्ती केली. आई बाळ घेऊन येईल, एवढे सांगितले. गवतामुळे नव्हे, हे सांगायचे धैर्य झाले नाही. ते अजून टोचते आहे.

सत्कृत्ये जोरात आहेत. कुंपणापलीकडच्या गोजाबाईंची भरलेली घागर दोघांनी ओतून टाकली, ती पुन्हा भरून देता यावी म्हणून. शमूने कंपनीच्या फाटकावरल्या पहारेकऱ्याला आज सकाळीच अकरा वेळा सलाम केला. अकरा काड्या की एक, याचा निकाल मी अजून दिलेला नाही.

सुमनच्या पायांची सूज कशी आहे? तिचे वय पाहता या खेपेला काळजी वाटते. तिला ती कळू देऊ नकोस.

लोभ आहेच, तो असाच असावा.
तुझा दौलत

अहमदनगर, ता. ८ डिसेंबर

चि. दौलत यास अनेक आशीर्वाद.

सूज उतरली. डॉक्टरीणबाई नाताळच्या आसपासचा दिवस सांगतात. तुझी काळजी मी सुमनला कळू दिली नाही. तिने पत्रच वाचले. अकरा काड्या देऊन टाका, असा तिचा निरोप आहे.

लहानपणी तू आमेनपाशी थांबून अख्खी प्रार्थना पुन्हा तपासायचास आणि आमची भाकरी निवायची. पोरांना तसे करू नकोस.

लोभ करावा, काळजी कमी करावी.
कुसुम

पिंपरी, ता. १७ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम सलाम.

अनर्थ झाला. काल आम्ही उपासनेला खडकीला गेलो असताना गोजाबाईंची शेळी ओटीवर चढली आणि पाळण्यातली एकूणएक सत्कृत्ये खाऊन गेली. शमू कालपासून जेवलेला नाही. आता आई येणार नाही, एवढेच म्हणतो.

गोजाबाईंचे यजमान गेनबा हात जोडून आले. तुमच्या चांगुलपणाचं गवत हाय का आमच्या बांधावरचं, जनावराला काय कळतंय, असे म्हणाले आणि भरपाई म्हणून एक भारा टाकून गेले. पण न केलेल्या सत्कृत्यांचे गवत भरावे कसे? आणि केलेली, खाल्ली गेल्यावर, धरावीत का? पाळकसाहेबांना विचारले, तर त्यांनी शेळीच्या तब्येतीची चौकशी केली.

उत्तर लवकर पाठव. लोभ असावा.
दौलत

अहमदनगर, ता. २० डिसेंबर

चि. दौलत यास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचताना सुमन शमूपाशी रडली आणि शेळीपाशी हसली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बंद करायला सांगितले आहे.

शमूला सांग, भुकेल्या जनावराला चारणे हेही सत्कृत्यच. शेळीला खुशीने एक काडी चारली, की पाळण्यात एक काडी. आधी पोर जेवू दे.

लोभ आहेच.
कुसुम

पिंपरी, ता. २४ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम सलाम.

तुझ्या युक्तीने शमू जेवू लागला. पुढे काय झाले ते ऐक. मुलांनी एक काडी शेळीला चारली, त्याबद्दल पाळण्यात एक काडी मिळवली, तीच उचलून पुन्हा चारली, तिच्याबद्दल आणखी एक मिळवली. दोन दिवस हेच चालले. सत्कृत्ये चारशेवर गेली, पाळण्यात एकाहून अधिक काडी नाही आणि शेळी आता बसूनच खाते. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकलो. मला यात चूक सापडेना. आज सकाळी रूथला सापडली. अशाने पाळणा कधीच भरणार नाही, असे ती म्हणाली आणि शमूचा चेहरा उतरला.

त्याच वेळी तुझी तार आली. पाळण्यातली शेवटची काडी शेळीच्या तोंडात होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे मी मोठ्याने वाचले, दोनदा वाचले. शमूने पाळण्यात वाकून तळापर्यंत हात फिरवला. मग मला विचारले, "म्हणजे बाळ फुकट आलं?"

वीस वर्षे कृपेवरची प्रवचने टिपून घेत आलो, एकातही हे इतके नेमके नव्हते. मी हो म्हणालो. राहिलेली निम्मी दुरुस्ती अशी झाली. शमूने गेनबांचा उरलेला भारा ओढत नेऊन शेळीपुढे टाकला, आणि काडी मागितली नाही.

आजवर पत्राखाली लोभ असावा असे लिहीत आलो. आज मागत नाही. आहे असे धरून चालतो.
तुझा दौलत