जहाजाचं नाणं

दादा,

नाण्यांचे व्यापारी दुपारी येतील. बाबांनी जमवलेली सोन्याची नाणी कपाटाच्या वरच्या खणात आहेत. सगळी दाखव, फक्त जहाजाचं नाणं शोधू नकोस. तेच सर्वांत दुर्मिळ आहे, खरा भाव त्यालाच आहे, हे मलाही कळतं. पण सकाळी बाबा ते तळहातावर घेऊन खिडकीपाशी उन्हात बसले होते. मला ओळखलं नाही, तरी हळूच म्हणाले, "शिडात वारा भरलाय बघ, निघायला हवं." इतक्या महिन्यांनी त्यांना कुठेतरी जावंसं वाटलं, म्हणून त्यांना घेऊन बंदरावर चाललेय. नाणं त्यांच्या मुठीत आहे.

रागावू नकोस. व्यापाऱ्यांना चहा देऊन वाटेला लाव आणि तूही ये. बाबा तुला ओळखतील असं नाही, पण बाकावर सरकून जागा नक्की देतील.

छोटी